केळीची रोपं, पंचवीस डिग्री आणि आमचं विद्यापीठ

एसीचं काम करणाऱ्याकडे किस्से जमतात, ते त्याच्या हौसेने नाही. तुम्ही एखाद्याच्या ऑफिसात शिरता, स्टूलवर चढता, छताचा तुकडा बाजूला सारता आणि आत डोकं घालता. खाली बसलेल्यांना वाटतं, याचं डोकं वर आहे म्हणजे कानही वर गेले. मग ते खुशाल बोलतात. पंधरा वर्षं मी असं स्टूलवर उभं राहून विद्यापीठ ऐकतो आहे. छतातली धूळ झटकली की जाते, हे ऐकलेलं जात नाही.

मी विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विभागात आहे. पंप, लिफ्ट, पंखे, कूलर, एसी. जे जे फिरतं, गळतं किंवा रात्रंदिवस आवाज करतं ते सगळं माझ्या टेबलावर येतं. घर जळगावात, पिंप्राळ्यात. तिथे सकाळी स्कूटर काढली की शेजारचे विचारतात, "काय चौधरी साहेब, तुम्हाला काय, दिवसभर गारेगार!" माझ्या स्वतःच्या केबिनमध्ये कूलर आहे. त्याची मोटर जळलेली आहे.

तर आमच्याकडे जुना सेंट्रल प्लांट काढून सगळ्या इमारतींत नवी मशिनं बसवायचं काम निघालं. त्यात लाइफ सायन्सची इमारत होती आणि त्या इमारतीत वैशालीची खोली होती. वैशाली जामनेर तालुक्यातली, पीएचडी करणारी. केळीच्या एका जुन्या गावठी जातीचा हरभऱ्याएवढा तुकडा काचेच्या बाटलीत वाढवायचा, त्याचं रोप करायचं, असं तिचं काम. पाच वर्षांत अशा चौदाशे बाटल्या झाल्या होत्या. खोलीला पंचवीस डिग्री लागते. तिशीच्या वर काही तास गेली की बाटल्यांत बुरशी, आणि रोपं संपली. मुदतवाढ मिळून मिळून तिचं हे शेवटचं वर्ष होतं. रोपं गेली तर रजिस्ट्रेशन रद्द.

ती मला पहिल्यांदा भेटली तेव्हा एवढंच म्हणाली, "सर, मशीन डिसेंबरमध्ये बदलाल ना? थंडीत काही होणार नाही."

मी म्हणालो, "डिसेंबरमध्येच."

मशीन मे महिन्यात बदललं. मधल्या पाच महिन्यांत जे झालं ते सांगतो.

* * *

पहिली पाहणी. तिच्यातच डिसेंबर गेला. कुठल्या खोलीत किती उष्णता, किती माणसं, किती खिडक्या हे लिहून घ्यायचं. माझ्याबरोबर कंत्राटदाराचा फोरमन सोनवणे. धुळ्याचा, पन्नाशीचा, मोजकं बोलणारा, हाताला अत्यंत पक्का माणूस.

एका विभागात गेलो तर एसी चालू आणि समोर डेझर्ट कूलरही चालू! मोठा, पत्र्याचा, गवताच्या पडद्यांचा. खोलीत एवढी ओल की हजेरीपटाची पानं चिकटलेली. एसीखाली बादली ठेवलेली आणि ती भरून वाहत होती.

मी विभागप्रमुखांना म्हणालो, "सर, दोन्ही एकत्र चालवू नका. कूलर हवेत पाणी सोडतो, एसी तेच पाणी काढतो. दोघं दिवसभर एकमेकांशी भांडतात."

सर शांतपणे म्हणाले, "म्हणजे काम करतायत ना दोघंही?"

मी हो म्हणालो.

"मग झालं तर! आमच्या विभागात तेवढीच दोन आहेत काम करणारी."

सोनवणेने वहीत लिहून घेतलं. अजून काय करणार?

* * *

आता फाइल. वैशालीच्या खोलीसाठी वेगळं, दिवसरात्र चालणारं मशीन हवं, असा प्रस्ताव मी जानेवारीत पाठवला. दोन पानी, तक्त्यासकट.

आमच्याकडे एसी कुणाला मिळावा याचे नियम पदावर ठरतात. अमुक पदाच्या वर असाल तर एसी, खाली असाल तर पंखा. नियम माणसांसाठी केलेला आणि प्रस्ताव केळीचा. तीन आठवड्यांनी फाइल परत आली. शेऱ्यात लिहिलं होतं: "सदर कक्षात बसणाऱ्यांचे पदनाम व वेतनश्रेणी नमूद केलेली नाही. पूर्तता करून सादर करावे."

मी स्वतः गेलो. संबंधित बाईंना सांगितलं, "मॅडम, त्या खोलीत कुणी बसत नाही. तिथे रोपं आहेत."

"बसत नाही तर मग एसी कशाला?"

"रोपांसाठी."

"रोपं कायम आहेत का तात्पुरती?"

इथे माझा तोल गेला. मी म्हणालो, "मॅडम, सध्या प्रोबेशनवर आहेत!"

त्यांनी मान डोलावली आणि खरंच तसं लिहिलं. "परिविक्षाधीन." फाइल त्याच संध्याकाळी पुढे गेली! पाच महिन्यांत माझ्या कुठल्याही तांत्रिक मुद्द्याने एवढं काम केलं नाही. पण फेब्रुवारी संपला होता, आणि वैशालीने मला फोनवर विचारलं, "सर, मार्चमध्ये तरी?"

* * *

परीक्षा विभागाचं काम मार्चमध्ये. तिथली गोपनीय खोली, म्हणजे प्रश्नपत्रिका ठेवायची जागा, अत्यंत पवित्र. मी आणि सोनवणे आत गेलो तेव्हा आमचे खिसे तपासले. सोनवणेच्या खिशात तंबाखूची पुडी आणि पेन्सिल. पेन्सिल काढून घेतली.

काम झालं, मशीन सुरू केलं, थंड हवा आली, सगळे खूश. चार दिवसांनी माझ्याकडे एक पाकीट आलं. लाखेची मोहर, वर लाल अक्षरांत "अति गोपनीय". मला दरदरून घाम फुटला. पेपर फुटला आणि आमच्या माणसांवर आलं की काय!

दार लावून पाकीट फोडलं. आत एक ओळ होती: "गोपनीय कक्षात थंड हवा येत नाही."

गेलो. बघतो तर छतातल्या हवेच्या सगळ्या जाळ्यांवर जाड ब्राऊन पेपर चिकटवलेला, कडेने लाख, आणि प्रत्येकावर तिघांच्या सह्या.

"हे काय आहे?"

तिथले अधिकारी आवाज खाली आणून म्हणाले, "साहेब, त्या पत्र्याच्या बोगद्यातून माणूस येऊ शकतो. आम्ही सील केलं."

"अहो, तो बोगदा एक फूट रुंद आहे. त्यातून फार तर मांजर येईल!"

"पेपर फोडायला मांजर पुरे. गळ्यात मोबाईल बांधला की झालं."

बरं, आता फोडा म्हटलं. तर सील लावताना ज्या तीन सदस्यांच्या सह्या होत्या, त्या तिघांच्या समक्षच ते फोडता येतं. तिसरे सदस्य मुलाच्या लग्नासाठी रजेवर. ते आले एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. तोवर सोनवणेची माणसं रोज येऊन गोपनीय कक्षाच्या बाहेर बसून जायची. लाइफ सायन्सचं काम रांगेत या कामाच्या मागे होतं, त्यामुळे तेही तिथेच बसून राहिलं.

* * *

त्याच दिवसांत धुळ्याच्या उपकेंद्रातून तक्रार आली. तक्रार उलटी होती: एसी बंदच होत नाही! भर एप्रिलमध्ये ऑफिसातले लोक स्वेटर घालून बसतात.

सोनवणेला पाठवलं. त्याचंच गाव. त्याने मशीन तपासलं, सगळं व्यवस्थित. परत आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. मग मीच गेलो आणि सकाळी ऑफिस उघडायच्या आधी जाऊन बसलो.

साडेदहाला तिथल्या वरिष्ठ लिपिक, सगळे त्यांना अक्का म्हणतात, आल्या. चप्पल काढली. भिंतीवर खोलीचं तापमान मोजणारी पांढरी डबी असते, तिच्या बरोबर खाली एक लाकडी फळी ठोकलेली होती. फळीवर देवांचे फोटो. अक्कांनी निरांजन लावलं, दोन उदबत्त्या लावल्या, हात जोडले. डबीवर आकडा चढायला लागला. तीस. छत्तीस. एक्केचाळीस! मशिनाला वाटलं खोली पेटली, त्याने जीव खाऊन गार हवा सोडली.

मी अक्कांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं आणि दिवा हलवायला साफ नकार दिला. म्हणून मी डबीच काढून समोरच्या भिंतीवर लावली आणि जळगावला परत आलो.

आठ दिवसांनी पुन्हा फोन. पुन्हा स्वेटर. पुन्हा गेलो. आता देवांची फळी समोरच्या भिंतीवर, पुन्हा डबीच्या खाली!

"अक्का, हे काय केलं तुम्ही?"

"साहेब, खरं सांगू? पहिले हा एसी दर दोन दिवसांनी बंद पडायचा. डबीखाली दिवा लावायला लागले तेव्हापासून एकदा बंद पडला नाही. आता तुम्ही डबी कुठेही न्या, दिवा तिच्या मागे येणार!"

मी स्वेटर मागून घेतला आणि चहा प्यायलो.

* * *

लाइफ सायन्सच्या गच्चीवर नव्या मशिनांचे बाहेरचे भाग आधीच बसवून ठेवले होते. पंखे लावलेली मोठी कपाटं म्हणा ना. त्यातली दोन वर्गांसाठी सुरू केली, चाचणी म्हणून. रोज सकाळी अकराला दोन्ही बंद! दाब वाढतो, गरम हवा बाहेर पडत नाही. दुपारी चारनंतर आपोआप ठीक.

वैशाली घाबरली. "सर, हेच मशीन माझ्या खोलीला येणार ना?" तिचा आवाज ऐकून मला माझाच राग आला. तिला मी डिसेंबर सांगितला होता.

गच्चीवर गेलो. अकरा वाजलेले, पाय ठेवता येत नाही एवढी फरशी तापलेली. आणि माझ्या दोन्ही मशिनांना चारी बाजूंनी नऊवारी पातळांचे तंबू! आत, पंख्याच्या गरम हवेत, ओळीने कुरडया, बाजूला नागलीचे पापड. समोर क्वार्टर्समधल्या चार बायका पदर डोक्यावर घेऊन राखण करत बसलेल्या.

मी ओरडलो. खरंच ओरडलो, खोटं कशाला सांगू. त्यातली सगळ्यात मोठी बाई, म्हणजे लाइफ सायन्सच्याच शिपायाची, नानांची बायको, उठून म्हणाली, "साहेब, उन्हात दोन दिवस लागतस. हाई मशीनमा दोन तासमा वाळी जास. इतकी चांगली गरम हवा तुम्ही फुकट सोडी राहिनात!"

"मावशी, ती हवा मोकळी जायला हवी. अडली की मशीन मरतं."

"मरस का? आमले काय माहीत! कोनी सांगं नही."

चूक माझी होती. सांगितलं नव्हतं. मी पाटी लावली: "येथे वाळवण घालू नये." दुसऱ्या दिवशी तंबू गेले. माझ्या टेबलावर डब्यात कुरडया होत्या, सोबत चिठ्ठी नाही, काही नाही. खाल्ल्या. उत्तम होत्या. मशिनात वाळवलेल्या आहेत हे कळतसुद्धा नव्हतं.

* * *

तारीख ठरली. मे महिन्यातला एक रविवार. त्या दिवशी इमारतीची सगळी वीज बंद, जुनं काढायचं, नवं जोडायचं. सकाळी आठ ते दुपारी चार. बाहेर चव्वेचाळीस. प्रश्न एकच: आठ तास बाटल्या कुठे ठेवायच्या?

लायब्ररी म्हणाली, ओल चालणार नाही. कॉम्प्युटर सेंटर म्हणालं, पाणी चालणार नाही. परीक्षा विभागाला मी विचारलंच नाही.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. केळीचा जिल्हा! जामनेर रस्त्याला माझ्या ओळखीच्या व्यापाऱ्याचं मोठं गोदाम, आत थंड खोल्या, तापमान काट्यावर. मी फोन केला, तो आनंदाने तयार झाला. मी धावत वैशालीकडे गेलो. पाच महिन्यांत पहिल्यांदा मला स्वतःचा अभिमान वाटत होता.

"वैशाली, जागा मिळाली! थंड खोली, आणि तीही केळीचीच!"

तिने गोदामाचं नाव विचारलं आणि पांढरीफटक पडली. "सर, तिथे केळी पिकवतात."

"तेच तर सांगतोय!"

"गॅस सोडून पिकवतात, सर. तो गॅस माझ्या रोपांना लागला तर संध्याकाळपर्यंत सगळी पिवळी होतील." मग म्हणाली, "ही अजून केळी नाहीत. यांना अजून नीट पानंसुद्धा नाहीत."

मी व्यापाऱ्याला फोन करून नको म्हटलं. तो म्हणाला, "काय साहेब, गॅसचं भाडंसुद्धा लावणार नव्हतो!"

* * *

शेवटी जागा सोनवणेने काढली. त्याच्या ओळखीचे एक शेठ, मूळ राजस्थानचे, दोन पिढ्या जळगावात, त्यांच्या ट्रॅव्हल्सच्या गाड्या. त्यातली एक एसी स्लीपर रोज संध्याकाळी साडेसहाला सुरतेला निघते आणि सकाळी परत येते. दिवसभर रिकामी उभी असते. शेठ म्हणाले, "घेऊन जा. गाडी उभी राहून तरी काय करते?"

रविवारी सकाळी आठला ती गाडी लाइफ सायन्सच्या दारात, कडुनिंबाखाली उभी. ड्रायव्हर भिकनभाऊ, पिंपळनेरचे. केळीचे पस्तीस क्रेट, त्यात चौदाशे बाटल्या, मधे जुन्या साड्यांच्या चिंध्या कोंबलेल्या. सगळे क्रेट वरच्या बर्थांवर ठेवले. वैशालीने एक थर्मामीटर बर्थच्या पडद्याला अडकवला आणि भिकनभाऊंना सांगितलं, "भाऊ, पंचवीस. अंधार चालेल, गरम चालणार नाही."

"पंचवीस," भिकनभाऊ म्हणाले आणि इंजिन सुरू ठेवून बसले.

इकडे काम झकास चाललं. दुपारी दोनला पाइप जोडून झाले. गॅस भरायच्या आधी पाइपमध्ये दाब भरून बघतात, गळती आहे का. सोनवणेने दाब भरला. काटा खाली. पुन्हा भरला. पुन्हा खाली. अडीच तास आम्ही साबणाचं पाणी घेऊन एकेक सांधा तपासत होतो. सगळे सांधे पक्के.

साडेचारला सापडलं. वरच्या मजल्याच्या कॉरिडॉरमध्ये माजी विभागप्रमुखांच्या फोटोंची रांग आहे. निवृत्त झालेल्या सरांचा फोटो आदल्याच दिवशी तिथे नव्याने टांगलेला. फोटो काढला. खिळ्याच्या बाजूने बुडबुडे येत होते! नव्या भिंतीच्या आतून आमचा तांब्याचा पाइप गेलेला, आणि खिळा बरोबर त्याच्या पोटात.

खिळा ठोकणारे नाना तिथेच उभे होते. मी म्हणालो, "नाना, भिंतीवर खुणा केल्या होत्या आम्ही! आतून पाइप गेला आहे, हे दिसलं नाही?"

"दिसलं ना, साहेब. म्हणूनच तर तिथे ठोकला! बाकी सगळी भिंत पुठ्ठ्याची, खिळा धरतच नव्हती. तिथे मात्र असा घट्ट बसला, काय सांगू!"

सोनवणे भिंतीला टेकून खाली बसला. पाइप कापायचा, नवा तुकडा जोडायचा, दाब, मग आतली हवा ओढायची. सकाळच्या आधी होणं शक्य नव्हतं. आणि गाडी साडेसहाला सुरतेला जाणार, तिकिटं विकली गेलेली.

* * *

वैशालीला सांगायला मी खाली गेलो. ती गाडीच्या पायरीवर बसली होती. मी सगळं सांगितलं. खिळा, फोटो, सकाळ. मी म्हणालो, "माझी चूक आहे. डिसेंबरमध्ये व्हायला हवं होतं."

ती रडेल असं मला वाटलं. तिने उठून आत थर्मामीटर पाहिला. मग म्हणाली, "सर, सुरतेला जाताना गाडीत एसी चालूच असतो ना?"

"हो."

"आणि येताना?"

मी शेठना फोन लावला. काय बोललो ते आता आठवत नाही, पण शेठ एवढंच म्हणाले, "वरच्यांना दुसऱ्या गाडीत बसवतो. मुलगी बरोबर जाईल ना? काच आहे." वैशालीने तेवढ्यात घरी फोन करून आईला सांगितलं होतं की ती सुरतेला जाते आहे, कशासाठी ते आल्यावर सांगेल.

गाडीचा क्लीनर चार्ट घेऊन आला. चार्टवर प्रत्येक बर्थला नाव लागतं, तपासणी झाली तर विचारतात. त्याने पेन काढलं. "ताई, वरच्यांचं काय लिहू?"

"केळी लिहा."

"कुठून चढले?"

"विद्यापीठ."

"कुठे उतरणार?"

"विद्यापीठ."

त्याने लिहिलं. गाडी गेली.

आम्ही वर जाऊन पाइप कापला. बाकीचं तपशिलात सांगत नाही. सकाळी सहाला सोनवणेने मशीन सुरू केलं, खोलीचा आकडा खाली यायला लागला आणि साडेसातला पंचवीसवर येऊन थांबला. मी खोलीत खुर्ची टाकून त्या आकड्यासमोर बसून राहिलो. त्याच्यावर माझा विश्वास नव्हता.

आठ वाजून दहा मिनिटांनी गाडी दारात आली. मी धावत खाली गेलो. वैशाली उतरली. केस विस्कटलेले, डोळे लाल, खांद्यावर कुणाची तरी चौकड्याची चादर.

"किती गेल्या?"

"तीन फुटल्या, सर. नवापूरच्या गतिरोधकावर. बाकी सगळ्या हिरव्या आहेत."

मी गाडीला हात टेकून उभा राहिलो. सोनवणे पलीकडे तोंड करून उगाच पाना पुसत होता.

मग तिने चादरीचं सांगितलं. खालच्या बर्थवर एक म्हातारी होती, मुलगा सुरतेला साड्यांच्या कारखान्यात, त्याच्याकडे निघालेली. एसीची हवा थेट एका क्रेटवर येते हे तिने पाहिलं. स्वतःची चादर काढून क्रेटवर घातली आणि वैशालीला विचारलं, "माय, ह्या बठ्ठा तुन्हा शेत का?" वैशाली म्हणाली, हो, सगळ्या माझ्याच आहेत. म्हातारी सुरतेला चादर न घेताच उतरली.

एका माणसाला गाडीत उकडत होतं. त्याने धुळ्यापासून तगादा लावला, एसी वाढवा, एसी वाढवा. भिकनभाऊंनी गाडी बाजूला घेतली आणि त्याला सांगितलं, "वरना पॅसेंजरले पंचवीसच लागस. तुमले जास्त उकडी राहिनं तर खिडकीकडे सरका!" संपूर्ण गाडीने त्याला गप्प केलं.

भिकनभाऊ केबिनमधून उतरले. चार्टच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी बॉलपेनने लिहिलं होतं. धुळे पंचवीस. साक्री पंचवीस. नवापूर पंचवीस. सुरत पंचवीस. परत नवापूर पंचवीस. मी तो कागद वाचला आणि मला लाज वाटली. पंधरा वर्षांत माझ्या एकाही इमारतीने मला असा कागद दाखवलेला नाही.

"साहेब, मशीन?" त्यांनी विचारलं.

"चालू झालं. पंचवीसवर आहे," मी म्हणालो.

भिकनभाऊंनी गच्चीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. क्रेट उतरवायला लागले तसे ते वैशालीच्या जवळ गेले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, साहेब म्हनतस मशीन चालू व्हयनं. पन संध्याकाळलोंग वरना बर्थ मी कोनले देत नही."